प्रकरण सातवे : लाल फुलीची पेटी

भंगाराच्या दुकानात पत्र्याची एक जुनी पेटी पडलेली असते. झाकणावर पुसट लाल फुली, आत पिवळ्या पडलेल्या पट्ट्यांची भेंडोळी, कापसाचा दबलेला गठ्ठा. ती हातात घेतली की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "ही किती जुनी असेल?" दुसरा हसत हसत येतो, "असलं काय कुणी जमवतं व्हय?"

जमवतात, आणि चांगली मेहनत घेऊन जमवतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्करी गाड्यांमध्ये असलेल्या प्रथमोपचार पेट्या हा युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांचा एक आवडता विषय आहे. नांदेड-लातूरकडे अशी पेटी सहसा हाती लागणार नाही. पण ती वाचायची रीत एकदा कळली की एसटीतली, रेल्वेतली, सूतगिरणीतली पेटीही वाचता येते. म्हणून आधी लांबची पेटी उघडू आणि मग आपल्याकडच्या पेटीकडे येऊ.

१. पेटी काय सांगते?

मराठवाड्यात शिदोरीवरून वाट ओळखता येते. फडक्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असेल, तर माणूस दोन दिवसांच्या प्रवासाला निघालाय. भाकरीवर कालवण असेल, तर दुपारपर्यंत शेतातच खायचंय. शिदोरी बांधणाऱ्या बाईनं वाटेचा अंदाज आधीच घेतलेला असतो. प्रथमोपचाराची पेटीही अशीच अंदाजानं भरतात, फक्त हा अंदाज अपघाताचा असतो.

अमेरिकेत १८८८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनं रेल्वे कामगारांसाठी प्रथमोपचाराच्या तयार पेट्या बाजारात आणल्या. रूळ टाकणारी माणसं दवाखान्यापासून मैलोगणती दूर असत, आणि डॉक्टर येईपर्यंत रक्त थांबवायला काहीतरी जवळ हवं होतं. कारखान्यांसाठीच्या पेट्यांत बोटाच्या छोट्या पट्ट्या भरपूर ठेवल्या जात, कारण यंत्राशी काम करणाऱ्याचं पहिल्यांदा बोटच सापडतं. म्हणजे पेटीतल्या वस्तूंची यादी वाचली की ते यंत्र माणसाच्या शरीराला काय करू शकतं, याचा त्या काळातल्या जाणत्यांनी केलेला हिशेब समोर येतो. संग्राहकाला या हिशेबात रस असतो.

२. खिशातली पट्टी आणि गाडीतली पेटी

युद्धातल्या जर्मन सैनिकाच्या कोटाच्या आत, खालच्या कडेला, एक लहानसा खिसा शिवलेला असे. त्यात मलमपट्टीचं एक पुडकं. ते पुडकं नीट पाहण्यासारखं आहे. बाहेरून रबर लावलेलं कापड, पाणी आत जाऊ नये म्हणून. वरून दोऱ्यानं बांधलेलं. त्यावरच छापलेलं की कुठून फाडायचं आणि आतली पट्टी कशी धरायची. आत गुंडाळपट्टी, आणि तिलाच शिवलेली निर्जंतुक गादी. पट्टीची दोन मोकळी टोकं दोन हातांत धरायची आणि गादी जखमेवर टेकवायची. गादीला बोट लागायला नको, एवढ्यासाठी ही सगळी रचना. मातीनं बरबटलेल्या हातांनी, घाबरलेल्या अवस्थेत, अंधारातही वापरता यावं, असा विचार त्यामागे होता.

हे झालं एका माणसासाठी. गाडीचं गणित वेगळं. गाडीत एकाहून जास्त माणसं असतात, काच असते आणि मुख्य म्हणजे पेट्रोल असतं. गाडी उलटली तर हाडं मोडतात, पेटली तर कातडी भाजते. म्हणून लष्करी मोटारींसाठी वेगळी पेटी ठरवलेली होती. जर्मन भाषेत तिला 'फेरबांटकास्टन' म्हणतात. पेटी बहुधा पत्र्याची, झाकण घट्ट बसणारं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची छापील यादी चिकटवलेली. रणगाडे आणि चिलखती गाड्यांसाठीच्या पेट्यांत भाजल्यावरच्या पट्ट्यांना जास्त महत्त्व होतं. बंद पोलादी खोलीत आग लागली की बाहेर पडायला वाट अरुंद, हे भरणाऱ्याला ठाऊक होतं.

अशी जर्मन गाडी प्रत्यक्ष पाहायची तर फार लांब जायला नको. अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, लष्कराच्या चिलखती दलाचं रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते ते सुरू झालं. तिथे ब्रिटिश, अमेरिकी, जपानी रणगाड्यांच्या रांगेत जर्मनीची 'श्वेरर पान्त्सरश्पेवागन' जातीची जड चिलखती टेहळणी गाडी उभी आहे. तिच्याजवळ उभं राहून एकदा आत बसलेल्या माणसांचा विचार करावा. वळायला जागा नाही, पाठीशी इंजिन, डोक्यावर लोखंड. मग पेटीत भाजल्यावरच्या पट्ट्या का असत, हे कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही.

याच जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी जर्मन माऱ्यात त्यांच्या तुकडीची वाताहत झाली. जाधवांनी एका जखमी साथीदाराला उचलून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या काठावरून सुरक्षित जागी नेलं, आणि परत येऊन दुसऱ्यालाही नेलं. पुढे त्यांनी शत्रूची मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नदीत अडकलेल्या पायदळाला गाडीतल्या पेटीचा काय उपयोग? तिथे पट्टी खिशातली आणि उचलून नेणारा माणूस शेजारचा. दोन प्रकारचं सामान का लागतं, ते या एका प्रसंगातून कळतं.

३. झाकण उघडल्यावर

आता एकेक वस्तू घेऊ.

पहिली, तिकोनी पट्टी. साध्या कापडाचा हा मोठा त्रिकोण हात गळ्यात अडकवायला, डोकं बांधायला, गुडघा आवळायला, फळी बांधायला, सगळ्याला चालतो. तो घरोघरी पोचवला कील शहरातले शल्यविशारद फ्रीडरिश फॉन एस्मार्ख यांनी. १८६९ च्या सुमारास त्यांनी या कापडावरच चित्रं छापायला लावली. डोक्याला कसं बांधायचं, खांद्याला कसं, ते कापडावरच्या सैनिकांच्या चित्रांत दिसत असे. वाचता न येणाऱ्याचीही सोय झाली. १८८२ मध्ये त्यांनी कीलमध्ये सामान्य लोकांना प्रथमोपचार शिकवणारी संस्था काढली. आपल्याकडे स्काउटच्या शिबिरात मुलं जी तिकोनी पट्टी बांधायला शिकतात, तिची वंशावळ इथवर पोचते.

दुसरी, रक्त थांबवणारा आवळपट्टा. हात किंवा पाय तुटला, धमनीतून रक्त उसळू लागलं, तर जखमेच्या वर घट्ट आवळायचा रबरी पट्टा. लवचीक पट्टा गुंडाळून रक्त मागे सारण्याची पद्धतही एस्मार्ख यांनीच १८७३ मध्ये मांडली. पट्टा किती वाजता आवळला हे लिहून ठेवावं लागतं, कारण फार वेळ तसाच राहिला तर खालचा भाग मरतो.

तिसरी, चिकटपट्टी. हँबुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीनं १९०१ मध्ये ल्युकोप्लास्ट बाजारात आणलं. त्याआधीचे चिकट लेप कातडीला झोंबत. या पट्टीच्या डिंकात झिंक ऑक्साइड मिसळलं आणि खाज-पुरळ बरंच कमी झालं. हे नाव आपल्या औषधदुकानांतही रुळलं आहे.

चौथी, भाजल्यावरची पट्टी. तिच्यावर बिस्मथ या धातूच्या क्षाराची भुकटी लावलेली असे. जखम कोरडी राहावी असा तेव्हाचा विचार होता. आज भाजल्यावर पहिल्यांदा वाहतं थंड पाणी, तेही वीसेक मिनिटं, असं डॉक्टर सांगतात. पेटीतल्या वस्तूवरून त्या काळचं शास्त्रही कळतं ते असं.

पाचवी, हाड मोडल्यावर बांधायची तारेची पट्टी. उभ्या-आडव्या तारांची ही पट्टी हातानं वाकवून पायाच्या आकाराची करता येते. क्रामर नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावानं ती ओळखली जाते. ती मोठ्या पेट्यांत सापडते.

कधीकधी या सगळ्याबरोबर बेकेलाइटची एक छोटी डबी निघते. तिच्यात 'लोझांटिन' नावाच्या पांढऱ्या गोळ्या. विषारी वायूचा थेंब कातडीवर पडला तर गोळी पाण्यात कालवून तिथे चोळायची, म्हणून त्या सैनिकांना दिलेल्या असत. गोळ्यांत ब्लीचिंग पावडरच्या जातीचं रसायन होतं. पहिल्या महायुद्धात मोहरी वायूनं माजवलेला हाहाकार आठवून दुसऱ्या युद्धाची तयारी झाली. रणांगणावर तो वायू जर्मनीनं पुन्हा सोडला नाही, गोळ्या मात्र लाखोंच्या खिशात राहिल्या. अंदाज चुकला तरी तो पेटीत तसाच उरतो.

४. नांदेडचा कापूस, जर्मनीचा कागद

पेटीतली सगळ्यात साधी वस्तू कापूस. आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

एक प्रयोग करून पाहा. वेचणीच्या दिवसांत बोंडातला कापूस घ्या, सरकी काढा आणि पेल्यातल्या पाण्यावर सोडा. तो तरंगतो. आता औषधदुकानातला कापूस तेवढाच घेऊन सोडा. तो बघता बघता बुडतो. औषधी कापसाची अधिकृत कसोटी हीच आहे: ठरावीक वजनाचा कापूस तारेच्या जाळीत भरून पाण्यावर सोडला की तो दहा सेकंदांच्या आत बुडला पाहिजे.

असं का होतं? कापसाच्या प्रत्येक धाग्यावर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो. पावसात बोंड भिजून कुजू नये म्हणून ही सोय. पण जखमेवर तोच कापूस ठेवला तर मेणामुळे रक्त शोषलं जात नाही. म्हणून कापूस अल्कलीत उकळून मेण काढतात, मग विरंजन करून धुतात. ही कल्पना ट्यूबिंगेनचे शल्यविशारद व्हिक्टर फॉन ब्रुन्स यांची. हायडेनहाइमच्या पाउल हार्टमान यांच्या कारखान्यानं १८७३ च्या सुमारास असा शोषक कापूस मोठ्या प्रमाणावर तयार करायला घेतला. हार्टमानचं नाव युद्धकालीन जर्मन पट्ट्यांवर वारंवार भेटतं.

पण जर्मनीत कापूस पिकत नाही. पहिल्या महायुद्धाआधी भारताच्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे ग्राहक जपान आणि युरोप खंडातले देश होते, त्यांत जर्मनी ठळक. हैदराबाद-मनमाड रेल्वे १९०० च्या सुमारास पुरी झाली, नांदेड तिच्या वाटेवर आलं, आणि गोदावरीकाठच्या गावरान कापसाला मुंबईचं बंदर जवळ झालं. जिनिंग-प्रेसिंग आणि पुढे उस्मानशाही मिल यांनी नांदेडला कापसाचं गाव म्हणून नाव मिळवून दिलं. आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कापूस संशोधन केंद्र नांदेडलाच आहे, आणि 'नांदेड-४४' हे संकरित वाण जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवतं. देशी आखूड धाग्याचा कापूस बारीक सुताला कमी पडतो, पण औषधी कापसाला तो चांगला समजला जातो.

१९१४ ला युद्ध पेटलं आणि ब्रिटिश आरमारानं जर्मनीची समुद्रवाट अडवली. ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रिटननं कापूस युद्धात निषिद्ध माल म्हणून जाहीर केला. पट्टीच्या कापसाला एवढं भ्यायचं काय? कारण कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की बंदुकीच्या गोळीतली बिनधुराची दारू होते. जखम करणाऱ्या काडतुसात कापूस आणि ती बांधणाऱ्या पट्टीतही कापूस. एकाच गाठीवर दोघांचा हक्क, आणि तुटवडा पडला की दारूखाना आधी भरायचा.

दुसऱ्या महायुद्धात हीच कथा पुन्हा घडली. शेवटच्या वर्षांतल्या जर्मन पेट्यांत सुती पट्टीऐवजी चुण्या पाडलेल्या कागदाची पट्टी सापडते, आणि कापसाऐवजी लाकडाच्या लगद्याचा गठ्ठा. कागदी पट्टी बांधता येते, पण रक्तानं ओली झाली की सैल पडते, फाटते. यादीवर 'पट्टी' हा शब्द तसाच राहिला, माल मात्र बदलला. जर्मनीची अखेरची स्थिती समजायला सेनापतींची भाषणं वाचावीतच असं नाही, १९४४ ची पट्टी बोटांत चोळून पाहिली तरी पुरे.

५. सालाचा माग कसा काढतात?

"किती जुनी?" या प्रश्नाचं उत्तर अंदाजपंचे देता येत नाही. संग्राहक खुणा जमवतात आणि एकमेकींशी ताडून पाहतात. अशा चार खुणा.

अक्षरवळण : जुन्या जर्मन छपाईत काटेरी, टोकदार वळणाची अक्षरं असत. जानेवारी १९४१ मध्ये नाझी सरकारनंच ती बंद करून साधी रोमन वळणं चालू केली. यादी टोकदार अक्षरांत असेल तर ती बहुधा त्याआधी छापलेली.

कारखान्याची खूण : युद्धाच्या सुरुवातीच्या पुडक्यांवर कंपनीचं नाव-गाव सरळ छापलेलं असतं. १९४२-४३ पासून नावाऐवजी आकड्यांचा गुप्त क्रमांक दिसू लागतो. कारखाना कुठे आहे हे शत्रूला कळू नये, ही त्यामागची काळजी.

रंग : फेब्रुवारी १९४३ पर्यंत जर्मन लष्करी गाड्यांचा पाया गडद करडा, नंतर गडद पिवळा. पण रंग ही कच्ची खूण, कारण डबा कुणीही रंगवू शकतो.

पत्ता : जर्मनीत चार आकडी पिन क्रमांक पश्चिमेकडे १९६१ मध्ये आले, पाच आकडी १९९३ मध्ये.

आता उदाहरण सोडवू. विक्रेता एक पेटी 'खात्रीनं १९४२ ची' म्हणून दाखवतोय. पत्रा जुना, रंग करडा, फुली छान. आत चिकटपट्टीच्या रिळावर गावाच्या नावाआधी चार आकडे आहेत. दुसऱ्या पाकिटावर 'मेड इन वेस्ट जर्मनी'. निकाल सोपा आहे: रीळ १९६१ किंवा त्यानंतरचं, आणि दुसरं पाकीट युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीतलं. पेटी खरी असू शकते, आतला माल नंतर भरलेला. बाजारात अशा जुळवलेल्या पेट्या खूप, कारण रिकाम्या डब्याला मिळत नाही तेवढी किंमत भरलेल्या डब्याला मिळते. म्हणून अनुभवी माणूस झाकणातली यादी आणि आतला माल एकेक ओळ लावून पाहतो. यादीत नसलेली वस्तू निघाली तर संशय. यादीतली प्रत्येक वस्तू नवीकोरी आणि एकाच सालची निघाली तर त्याहून मोठा संशय.

६. हात लावण्याआधी

जुनी पेटी जखमेसाठी वापरायची नाही, हे पहिलं. ऐंशी वर्षांपूर्वीचं 'निर्जंतुक' आता निर्जंतुक नाही. बंद पुडकं तसंच बंद ठेवावं. उघडलं की त्याची किंमतही जाते आणि साक्षही.

दुसरं, रसायनं. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकी संचांत भाजल्यावर लावायला पिक्रिक आम्ल असे. ते पिवळं आम्ल पूर्ण वाळलं की धक्क्यानंही स्फोट होऊ शकतो. अशी बाटली दिसली तर झाकण फिरवायचं नाही, पोलिसांना कळवायचं. लष्करी वैद्यकीय संचांतून मॉर्फिनची नळी निघू शकते. ती कितीही जुनी असली तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातून सुटत नाही.

तिसरं, कायदा. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारण शंभर वर्षं पुरी झालेली वस्तू 'पुरावस्तू' ठरते. १९४२ ची पेटी त्या हिशेबानं २०४२ मध्ये त्या वयाला पोचेल. जर्मनीत नाझी चिन्हं जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे. आपल्याकडे कायदा तसा नसला तरी संग्राहकानं ती चिन्हं कशाची साक्ष आहेत हे विसरू नये. अशा वस्तूबरोबर त्या राजवटीनं काय केलं, याची दोन ओळींची माहिती ठेवणं हा संग्रहाचाच भाग.

आणि लाल फुली? ती कुणीही वापरावी अशी खूण नाही. १८६४ च्या जिनिव्हा करारातून ती आली, आणि भारतात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानं तिचा परवानगीविना वापर बंद केला आहे. डॉक्टरच्या मोटारीवर, औषधदुकानाच्या पाटीवर ती सर्रास दिसते ती चुकीनं. प्रथमोपचारासाठी जगभर ठरलेली खूण हिरव्यावर पांढरी फुली.

चौथं, जपणूक. मराठवाड्याचा उन्हाळा बेचाळीस अंशांना टेकतो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या पेटीतलं रबर पाझरतं, चिकटपट्टीचा डिंक कापडात उतरतो. पावसाळ्यात गंज धरतो. पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, भिंतीला न टेकता ठेवावी, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. तेल लावून चकाकी आणू नये आणि रंगवू तर मुळीच नये.

७. आता आपली पेटी

मराठवाड्यात सरकारी बस एसटीच्या आधीपासून धावत होती. निजामाच्या संस्थानात १९३२ मध्ये रेल्वे खात्याच्या जोडीनं रस्ते वाहतूक विभाग सुरू झाला, तेव्हा त्याच्याकडे २७ बस होत्या. एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर १ जून १९४८ ला निघाली, आणि मराठवाड्यातली वाहतूक राज्यांच्या पुनर्रचनेनंतर तिच्यात आली. चालकाजवळची 'प्रथमोपचार पेटी' ही अक्षरं रंगवलेली पेटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये गाडीतल्या प्रथमोपचार पेटीची तरतूद आहे. जर्मनीतही आज प्रत्येक मोटारीत अशी पेटी सक्तीची आहे, आणि तिच्यात काय असावं याचं मानक वेळोवेळी सुधारतात. २०२२ मध्ये तोंडाला लावायचे दोन मास्क त्यात वाढले. करोनाची साथ पेटीत अशी नोंदली गेली.

रेल्वेत गार्डकडे, म्हणजे आताच्या ट्रेन मॅनेजरकडे, पेटी असते. कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाना कायद्याचं ४५ वं कलम २०२५ पर्यंत लागू होतं: दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी. त्या हिशेबानं लातूरच्या एमआयडीसीत एखाद्या कारखान्यात ४३० कामगार असतील तर किती पेट्या? दोन पेट्या ३०० जणांना पुरतात, उरलेल्या १३० साठी तिसरी. पाचशेच्या वर कामगार असतील तर पेट्यांवर भागत नाही, रुग्णोपचाराची वेगळी खोली लागते.

या पेट्यांमध्ये काय काय होतं, केव्हा काय वाढलं, काय गळलं, हे लिहून ठेवण्याची आपल्याला सवय नाही. डबा मोडीत जातो, यादी फाटते. जर्मन संग्राहक १९४२ च्या पेटीतल्या पट्ट्यांची संख्या सांगू शकतो; आपल्याला १९७५ च्या एसटीतल्या पेटीची यादी हवी असेल तर विचारायचं कुणाला? तेव्हाचे चालक-वाहक, आगारातले मेकॅनिक, गिरणीतले निवृत्त कामगार अजून आहेत तोवर हे काम होऊ शकतं.

मराठवाड्याला अशा कामाची परंपरा आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या मातीतून निघणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या, आणि त्यातून तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. पैठणला बाळासाहेब पाटलांनी तेच केलं. त्यांच्या संग्रहाचं मोल वस्तूंच्या जुनेपणात आहेच, पण वस्तू कुठल्या गावातली हे माहीत असण्यात त्याहून जास्त आहे. गाव माहीत नसलेलं मातीचं खेळणं नुसतंच खेळणं राहतं.

तेव्हा नांदेडच्या जुन्या मोंढ्यात किंवा लातूरच्या भंगाराच्या दुकानात लाल फुलीची पेटी दिसली, तर पैशांची घासाघीस नंतर करा. आधी एका कागदावर लिहून घ्या : ती कुठून आली, कोणत्या गाडीत किंवा कारखान्यात होती, झाकणावर आणि आत काय छापलंय, आणि यादीतल्या कोणत्या वस्तू आत नाहीत. जागच्या जागी फोटो काढा, मगच पेटी हलवा. पेटी रिकामी निघाली तरी ती जमवण्यासारखी आहे. छापील यादी हा भरणाऱ्याचा अंदाज असतो. कोणती वस्तू संपली आणि कोणती पुडी बंदच राहिली, यावरून पुढे काय घडलं त्याचा माग लागतो.